ओल्यात टाकलेलं लिंबू

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याहून मीच म्हातारी दिसते. समोर आलात तर सासू असून तुम्हालाच माझ्या पाया पडावं लागेल. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. नातसुनेनं फोन हातात दिलाय, बोलाल ते आपोआप लिहितो म्हणाली. मी 'हाय' म्हटलं तरी हा 'आहे' लिहितो. तुमच्या लेकासारखाच, बायकोचं बोलणं दुरुस्त करणारा. ती बाळाला घेऊन शेजारी गेली आहे, तेवढ्यात सांगून घेते. तिच्यासमोर बोलण्यासारखं हे नाही.

माझा थोरला तापानं फणफणला होता तो दिवस आठवतो? चुलीवर भाकरी करपतेय आणि तुम्ही तशाच उठून लिंबू कापताय, कुंकू लावताय, पोरावरनं उतरवताय. मग कानशिलावर कडाकडा बोटं मोडताय. गुऱ्हाळाच्या घाण्यात सापडल्यापासून उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तुमचं वाकत नव्हतं. बाकीची वाकायची, ते एकटं ताठ उभं, कुणाला तरी दारातच थांब म्हटल्यासारखं. लिंबू माझ्या हातात देऊन म्हणालात, "तीन रस्ते मिळत्यात त्या तिकटीवर टाक आनि सरळ घरात ये. मागं बघायचं न्हाई."

"आनि बघितलं तर?"

"तर तुझ्या मागनं परत येतंय ते. दुसऱ्यांदा घरात आलेलं मोकळं जात न्हाई, पोराला घिऊनच जातंय. आता माझ्या तोंडाकडं काय बघतीस, पळ की!"

मी गेले, टाकलं, मानेला लाकूड बांधल्यासारखी परत आले. पोरगं उठलं. आता त्याच पोराला नात झाली आहे, माझी पणती. यंदा उन्हाळ्यात ती तिन्हीसांजेला रडायला लागली. दिवे लागले की सुरू. अंगावर पीत नव्हती, निळी पडायची. डॉक्टर म्हणाले काही नाही. त्यांच्यातलं काही नाही, ते मलाही दिसत होतंच. मी लिंबू कापलं, मिरच्या आणि केरसुणीची काडी घेतली, उतरवलं आणि चपला शोधायला लागले, तर नातसून आडवी आली.

"आजी, तिकटीवर कॅमेरा बसवलाय. परवा शेजारच्या काकूंचं नाव भोंग्यावरनं पुकारलं, कचरा टाकला म्हणून."

"ह्यो कचरा हाय व्हय गं?"

"घंटागाडीत गेला की कचराच. लिंबू-मिरच्या ओल्यात टाका, काडी सुक्यात."

म्हणजे बघा, आत्याबाई, दृष्टीची वाटणी झाली. अर्धी हिरव्या बादलीत, अर्धी निळ्या. सकाळी गाडी गाणं वाजवत आली, घेऊन गेली. मी पाठ फिरवून उभी राहिले, तेवढं तरी पाळलं. आणि खरंच, त्या दिवसापासून बाळ शांत झालं. मी म्हटलं, चला, आपलं काम आता नगरपालिका करते.

पण ओला कचरा कुठं जातो ते मी विचारलं नव्हतं. लांब कुठंतरी जात असेल असं मला वाटलं, तुमच्या वेळी तिकटीवर टाकलेलं जायचं तसा. तो जातो गल्लीच्या मागं. बायकांच्या मंडळानं तिथं टाक्या बांधल्यात. सगळ्यांचं कुजवतात आणि खत झालं की घरोघर बुट्टीभर वाटतात. पाऊस सरल्यावर आमचीही बुट्टी आली. नातसुनेनं कौतुकानं उंबऱ्याशेजारच्या कुंडीत ओतली. आठवड्यात रोप उगवलं. पान चुरून बघितलं. लिंबू.

"खतात बी राहतंच, आजी. गल्लीत लिंबं काय आपणच खातो?" ती म्हणाली. बरोबर आहे तिचं. पण उगवलं ते आमच्याच उंबऱ्याला.

मी उपटायला गेले. तिन्हीसांज होती, बाळ पायरीवर बसलेलं. रोपाच्या बुडाला हात घातला आणि बाळ तसंच रडलं, उन्हाळ्यात रडायचं तसं, ओठ निळे पडेपर्यंत. हात काढला, गप्प झालं. मग रोपाकडं बघून हसलं आणि मूठ कानशिलाशी नेली. चार बोटं मिटलेली, करंगळीशेजारचं ताठ. नातसून दारातनं म्हणाली, "बघा, तुमचंच बघून शिकली!" मी हसले. काय करणार? माझी तर सगळीच बोटं वाकतात, आत्याबाई. आणि तुमचं ते बोट बघितलेलं या घरात आता माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही. थोरला होता, पण तेव्हा तान्हा, अंगात ताप, आणि पुढं तुम्ही राहिलात तरी किती दिवस!

आता तुम्हीच सांगा, कुंडीत आहे ते काय आहे? परत आलेली दृष्ट असेल तर उपटायला पाहिजे, आजच. आणि तुम्ही असाल, त्या बोटानं दृष्टीला दारातच थांबवून उभ्या असाल, तर तुम्हाला उपटून मी कुठल्या बादलीत टाकू? चुकले तर भरणार ती एवढीशी पोर. म्हणून काहीच करत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी तेवढं रोज घालते. बाळ जेवतंय, बाळसं धरतंय. हसतंयही, पण आमच्याकडं बघून नाही.

नातसुनेची चप्पल वाजली. पाठवायचं बटण तिनं दाखवलंय मला, कोपऱ्यातलं. दाबणार नाही. तुमच्याकडं जाईल की नाही ते जाऊ द्या, पण इथनं बाहेर टाकलेलं फिरून कुठल्या दारात उगवतं ते मी आता बघितलंय.

आणि एक. तिन्हीसांजेला कुंडीत पाणी घालून आत येते ना, तेव्हा मागं वळून बघते. रोज.