उजव्या गुडघ्याजवळचं बटण

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. हवाई दलात सध्या काटकसर चालू आहे. इंधन वाचवायला आमची उड्डाणं निम्म्यावर आणलीत. उरलेलं शिक्षण खोलीतल्या नकली विमानात. खुर्ची, दांडा, घड्याळं सगळं खऱ्यासारखं, पडद्यावर आकाश. चुकलो की उजव्या गुडघ्याजवळचं बटण दाबायचं. आकाश जागच्या जागी थांबतं, मग चहा. मी आणि शेजारच्या खाटेवरचा लंबू कितीदा मेलो, गणती नाही. तो तुला नमस्कार सांगतो.

लोभ आहेच, सोबत खाऊही येऊ दे.
तुझा,
बारक्या

११ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

हसले, पण हसू टिकलं नाही. मी शिकवते त्या पोहण्याच्या तलावातही हल्ली कमरेएवढंच पाणी भरतात. मुलं छान हात मारतात, पण दचकली की पाय टेकवतात. उद्या खोल पाण्यातही टेकवायला जातील, हे व्यवस्थापकांना सांगून माझा घसा कोरडा पडला. तूही हे तुमच्या साहेबांच्या कानावर घाल.

रागावले तरी माया तेवढीच.
तुझी ताई

२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेब म्हणाले, त्यांनीही वर सांगून पाहिलं. त्यांचेही हात बांधलेले आहेत.

गेल्या महिन्यात खऱ्या विमानातून ढगात शिरलो. वर कुठलं, खाली कुठलं, कळेना. तुझ्या तलावातल्या मुलांसारखंच झालं. माझा हात दांडा सोडून गुडघ्याजवळ गेला. तिथे नुसता पत्रा. कसाबसा बाहेर पडलो. मागच्या विमानात लंबू होता. तो बाहेर आलाच नाही.

चौकशीत वैमानिकाची चूक ठरली. विमानाचं नुकसान भरून काढायला उड्डाणं आणखी कमी केलीत. पुढच्या सोमवारी माझी पाळी आहे. मला भीती वाटते, ताई. आईला सांगू नकोस.

लोभ असू दे.
बारक्या

७ मे

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या साहेबांच्या कचेरीत फोन केला. ते इतकं गोड बोलले, की काही होणार नाही हे मला कळलं. सोडून ये म्हणणार होते, पण लंबूची रिकामी खाट मागे टाकून तू येणार नाहीस.

मला विमानातलं ओ की ठो कळत नाही. तरी ऐक. रोज झाडूचा दांडा धरून बस, डोळे मीट आणि कुणाला तरी अचानक दचकवायला सांग. हात सुटता कामा नये. इथून मला एवढंच शिकवता येतं.

काल मीही बसून पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला आणि दांडा हातातून पडला. कुणाचा तरी चुकून लागला होता.

सोमवारी उतरलास की दोन ओळी लिही.
तुझी ताई