टायर परेड

५ फेब्रुवारी १९९५, रविवार

फियाट आली. गाडी जुनी, पण चारही टायर कोरे टाकून घेतले. पलटणीत एम.टी.ला, म्हणजे मोटार ट्रान्सपोर्टला, जन्म काढला, कितीतरी पोरांना ड्रायव्हिंग शिकवलं. टायर म्हणजे काय हे सांगलीच्या या विश्रामबागेत माझ्याइतकं कुणाला कळत नाही. लोक टायर वापरत नाहीत, त्यांचा खून करतात.

संकल्प: हे टायर माझ्या हयातीत बदलायचे नाहीत.

बायकोनं, चंद्रानं, पूजा केली. बॉनेटला हार, टायरना हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. तिची पाठ वळल्यावर लिंबं काढून घेतली. लिंबात ॲसिड असतं, रबराला वाईट. कुंकूही ओल्या फडक्यानं पुसलं. तिनं पाहिलं. नीट समजावून सांगितलं तिला. म्हणाली, "आवं, ते ऱ्हाऊ द्या. निदान चौकापतुर चक्कर मारा की मला बसवून." उद्या म्हणालो. दुपारी डांबर तापलेलं असतं.

२१ फेब्रुवारी

सकाळी टायर परेड. हवा नेहमी थंड टायरची बघायची, गाडी पळवून आल्यावर नाही. पंपावरच्या मीटरवर विश्वास नाही, स्वतःचं गेज घेतलं. चारही चोवीस पौंड. शाबास.

चंद्राला हरिपूरच्या संगमावर जायचं आहे, संध्याकाळी. पहाटे जाऊ म्हणालो, रस्ता गार असतो. ती म्हणाली, अंधारात संगम काय बघायचा? मुद्दा बरोबर आहे. म्हणून कार्यक्रम पुढे ढकलला.

१२ मार्च, रविवार

तासगावला चंद्राची बहीण राहीबाई. द्राक्षं उतरली, बेदाणा शेडवर टाकायचा, या म्हणून निरोप. चंद्रा नवी साडी नेसून गाडीपाशी उभी. मी लोडचा हिशेब केला. येताना द्राक्षांच्या पेट्या मागच्या सीटवर येणार, म्हणजे मागच्या टायरवर अन्याय. तोडगा काढला: चंद्रानं एस.टी.नं पुढे जावं, मी रिकामी गाडी घेऊन मागून येतो, म्हणजे जाताना तरी टायरना आराम. तिनं पदर खोचला. मग पिशवी उचलून स्टँडकडे गेली.

वाटेत रस्त्यावर नवी खडी टाकलेली. धारदार. गाडी वळवून घरी आलो. दुसऱ्या कुठल्याही जाणकारानं हेच केलं असतं.

ती तासगावच्या स्टँडवर वाट बघत बसली होती म्हणे. दिवेलागणीला शेजारच्या नाथाजीच्या टेंपोतून आली. नाथाजी म्हणाला, "सुभेदार, वैनी उनात बसल्या हुत्या की वं." सांगून ठेवायला हवं होतं तिला, सावलीत बस म्हणून.

१८ एप्रिल

ऊन भयंकर. रबराचा खरा शत्रू ऊन. पोती कमी पडली म्हणून ट्रंकेतलं एक जुनं लुगडं फाडून चार तुकडे केले, चार टायरना झाकण. फिट्ट बसलं.

लुगडं मीच अंबाल्याहून आणलेलं निघालं. पहिल्या सुट्टीत. माझ्या लक्षात नव्हतं. चंद्रानं ट्रंकेला कुलूप घातलं. दोन दिवस झाले, तिचं जेवणही कमी. उन्हाचा त्रास सगळ्यांनाच होतो.

९ मे

मोठा निर्णय. पावसाळ्यापर्यंत गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. एका जागी उभ्या गाडीचा भार टायरच्या एकाच जागेवर पडतो. टायर काढून आतल्या खोलीत ठेवले, तिथं गारवा. वास थोडा येतो. चंद्रानं अंथरूण स्वयंपाकघरात हलवलं. तिकडे वारा लागतो, असं म्हणाली. म्हणजे दोघांचीही सोय झाली.

जेवताना म्हणाली, "तुमी नोकरीत हुता तवा लोक इचारायचे, एकटी कशी ऱ्हातीस? मी म्हनायची, पेन्शनीत आलं की गाडी घेनार हायत, मग दोघं फिरनार." मी म्हणालो, बरोबर, गाडी घेतलीच की. ती ताट घेऊन उठली. भाकरी अर्धी ताटातच.

१६ जून

लिहायला उशीर झाला. मुद्दे नीट मांडतो.

सकाळी चंद्राच्या छातीत कळ आली. घाम फुटला, बोलता येईना. मिरजेला न्यायला हवं हे मी ताबडतोब ओळखलं. टायर बाहेर काढले. पलटणीत चाक चढवायच्या शर्यतीत मी पहिला यायचो. दोन चाकं चढवली. तिसऱ्याची हवा कमी वाटली. कमी हवेवर माणूस बसवून गाडी पळवायची नाही, हे आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. म्हणून गेज शोधायला आत गेलो. पंपही आतच, हाताचा.

बाहेर आलो तर नाथाजीचा टेंपो फाटकातून निघाला होता. मागे ताडपत्रीवर चंद्रा, तिचं डोकं नाथाजीच्या बायकोच्या मांडीवर. मी हात केला. निघालोच होतो मी. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर मीच नेलं असतं.

चारही चाकं चढवून मिरजेला पोचलो तेव्हा तिला सुई-सलाईन लावून झालेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं म्हणून वाचल्या. कॉटजवळ गेलो. तिनं डोळे उघडले. अगदी हळू विचारलं, "हवा बघून आला का?"

हो म्हणालो. चोवीस.

तिनं तोंड भिंतीकडे केलं. औषधानं ग्लानी येते.

२ जुलै

चंद्राला दवाखान्यातून घरी सोडलं. मी गाडी घेऊन दारात तयार होतो. ती रिक्षानं आली. गाडीत चढायला खाली वाकावं लागतं, छातीला बरं नाही, असं काहीतरी कारण असावं. विचारलं नाही.

११ जुलै

लोणंदहून तिचा भाऊ बाळासो आला. हवापालटासाठी नेतो म्हणाला. मी म्हणालो, गाडीनं सोडतो. बाळासो म्हणाला, "रेल्वे बरी हाय, दाजी." दोन ट्रंका नेल्या. हवापालटाला दोन ट्रंका जरा जास्तच, पण बायकांचं सामान असतं.

निघताना चंद्रानं दूध कुठलं घ्यायचं, मीठ कुठल्या डब्यात आहे, सगळं दाखवलं. मी विचारलं, कधी येतेस? ती डब्याचं झाकण लावत राहिली. डब्याचा आवाज होत होता, तिला ऐकू गेलं नसावं.

३० ऑगस्ट

बूथवरून लोणंदला फोन. बाळासोची बायको म्हणाली, वन्सं देवळात गेल्यात. मागच्या वेळी दळणाला गेल्या होत्या. त्याआधी नदीला. तब्येत चांगलीच सुधारलेली दिसते, एवढं फिरते म्हणजे.

भात परत करपला. पावसामुळे टायर परेड पोर्चमध्ये. अलाइनमेंट करून घ्यायची आहे, मग लगेच तिला आणायला जायचं. वाकड्या चाकांनी एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही.

८ ऑक्टोबर

अलाइनमेंट झाली. बॅलन्सिंग राहिलंय. नाथाजी कुंपणावरून म्हणाला, "सुभेदार, एक सांगू? गाडीचं ऱ्हाऊ द्या. एस.टी. पकडा आन् जावा." नाथाजीला मोटारीतलं कळत नाही. त्याचे टायर बघावेत, पार गुळगुळीत.

स्वयंपाकघरात झोपून बघितलं. वारा अजिबात लागत नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

लोणंदला जाऊन आलो. गाडीनं.

साताऱ्यात चहाला थांबलो. शेजारच्या जीपवाल्यानं टायरवर हात फिरवला, म्हणाला, आजच टाकले काय? आनंद व्हायला हवा होता. चहा तसाच ठेवून निघालो.

बाळासोच्या बायकोची स्टेशनजवळ खाणावळ आहे. चंद्रा तिथल्या भाकरीचं बघते आता. अंगानं भरली आहे, रंग उजळलाय. बाळासोच्या घरी तिनं जेवायला वाढलं, समोर बसली. मी सांगितलं, गाडी एकदम तयार आहे, आज संध्याकाळीच पोचू.

म्हणाली, "मी न्हाई येनार."

मी म्हणालो, पुढच्या रविवारी येतो.

म्हणाली, "न्हाई वं. तुमी बार्डरवर हुता तवा वाट बघायला जड न्हाई गेलं मला. मानूस लांब असला की वाट बघायचीच असती. पर तुमी अंगनात, आन् मी उंबऱ्यात. तिथनं वाट बघायची मला ताकद न्हाई आता."

माझं काय चुकलं ते सांग, सुधारतो, म्हणालो. वेळापत्रकच करू. तिनं ताटात आणखी एक भाकरी टाकली. "चुकलं कुठं म्हनलं मी? जेवा."

जेवलो. दुसरं काय करणार?

तिला खाणावळीकडे जायचं होतं, संध्याकाळच्या भाकऱ्या. म्हणाली, "तिथंवर सोडा मला." मी दार उघडलं, पुढच्या सीटवर बसली. पदर मांडीवर गोळा करून, दोन्ही हात त्यावर. रस्ता कसा होता ते मला सांगता येणार नाही. मी तिच्याकडेच बघत होतो. वाऱ्यानं तिचे केस उडत होते, पांढरे बरेच झालेत. एकदा म्हणाली, "चांगली पळती." मी गाडी आणखी हळू केली. तरी खाणावळ आली.

गाडी थांबली. ती बसूनच. मला वाटलं, विचार बदलला. मी इंजिन चालूच ठेवलं. तिचा हात दारावर फिरत होता, काचेच्या दांड्यावर, खाली, परत वर. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्ये उघडायचं कसं असतं?"

फेब्रुवारीपासून गाडी दारात आहे.

मी वाकून कडी ओढली. ती उतरली. खाणावळीच्या पायरीवर वळली आणि म्हणाली, "सावकाश जावा."

बरं, म्हणालो.