नेदर ॲशकमच्या तळ्याकाठचे बाक

मी, श्रीरंग विष्णू खांबेटे, वय सदुसष्ट, निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, राहणार झिंडेलफिंगेन, जर्मनी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणू शकणारी एकमेव व्यक्ती, माझी पत्नी ऊर्मिला, गेल्या नोव्हेंबरात वारली. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

१. फ्लॅट आणि बँकेतील शिल्लक कन्या मुक्ता हिला.

२. पाने, ड्रिल आणि व्हर्निअर जावई टोबियास याला. तो बल्ब बदलायलाही माणूस बोलावतो. तरी द्यावेत, आशा सोडू नये.

३. झाडू खालच्या मजल्यावरच्या बाईंना. आमच्या केरवोखेत, म्हणजे जिना झाडण्याच्या आमच्या आठवड्यात, त्या पायपुसणे उचलून खाली बघत. माझे काम त्यांना कधीच पसंत पडले नाही, आणि त्यांचे बरोबर होते.

४. नेदर ॲशकमच्या चर्चचा फ्रेम केलेला फोटो पुण्याला मेहुणे चारुदत्त यांना. इंग्लंडमधल्या या खेड्यात आम्ही दर उन्हाळ्यात जात असू. एका बाजूला कललेला चर्चचा मनोरा, फोन न लागणारे लाल टेलिफोन बूथ आणि बदकांचे तळे, पाहण्यासारखे एवढेच. "भावजी, खेडंच बघायचं तर भोरला या की, जेवण तरी बरं मिळेल," असे चारुदत्त म्हणाले होते. ऊर्मिलेला मात्र तिथे जर्मनमधल्या डेर-डी-डास या लिंगांच्या घोळात न अडकता दुकानदारणीशी इंग्रजीत मनसोक्त बोलता येई. तेवढ्या वेळात मी मनोऱ्याचा कल मोजत असे.

५. तळ्याकाठी ऊर्मिलेच्या नावाचे बाक ठेवायला तिथल्या पॅरिश कौन्सिलने, म्हणजे ग्रामपंचायतीने, परवानगी दिली आहे. जागा एकच उरली आहे. पाटीवरचा मजकूर महिनाअखेर पोचला नाही तर ती दुसऱ्या कुटुंबाला जाईल. त्यांनी फक्त मजकूर मागितला होता. मी बाकाचे ड्रॉइंग टॉलरन्ससह पाठवले. मजकूर म्हणून नाव आणि साले. "काही आपुलकीचं लिहाल का?" असे तिथल्या बाईंनी नम्रपणे विचारले. मी "पुणे, भारत" एवढे वाढवले.

काल मुक्ताला फोनवर हे सांगितले. ती खूप हसली आणि नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाली, "आल्झो पापा, आई तिथे बसायला आली की म्हणायची तेच लिही ना." पुढचे तीन शब्द मात्र तिने मराठीत म्हटले, थेट आईच्या आवाजात. मला फोन जरा वेळ बाजूला ठेवावा लागला.

परतलो तर मजकूर मीच पाठवीन. न परतल्यास मुक्ताने ते शब्द देवनागरीत कोरून घ्यावेत: "अहो, जरा सरका." कौन्सिलने अर्थ विचारला तर खरा सांगावा. प्रार्थना आहे असे सांगू नये.

जर्मन कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात.

साक्षीदार: कुमार देवस्थळी, चारुलता देवस्थळी, दोघे राहणार एश्बॉर्न

सही: श्रीरंग वि. खांबेटे
झिंडेलफिंगेन, शनिवार, १० जून २००६