दोन वाघांचं बक्कल

रविवार, ५ जानेवारी २०२५

आज मोज्याचा चाप सापडला! मोज्याचा आहे हे मला कुठे ठाऊक — बायकोने, शेवंतीने सांगितलं. मी समजत होतो, कागदाचा चिमटा असेल.

समोर आमची चाळ होती, तिथे आता खड्डा आहे. जेसीबीने माती काढून ढीग घातलेत. काम सुरू व्हायच्या आधी वॉचमन गौतम मला पत्र्याच्या कुंपणातून आत सोडतो. खुरपं आणि जुनी चाळण घेऊन जातो. सून अपेक्षा म्हणते, "बाबा, गंजलेलं काही लागलं तर धनुर्वात होईल." तेव्हापासून घरी आलो की आरशात तोंड उघडून बघतो, जबडा नीट उघडतो की नाही.

शेवंती पलंगावरूनच म्हणाली, "हो मोज्याचो चाप. पोटरीक पट्टो बांधूचो, तेका हो लावूचो. मग मोजो खाली येवचो नाय." तिचे वडील मिलच्या मेकॅनिक खात्यात होते. साहेबाच्या पायात पाहिलेलं घरी येऊन सांगायचे म्हणे.

एवढं लांब ती कितीतरी दिवसांनी बोलली. म्हणून लिहून ठेवलं.

सोमवार, ६ जानेवारी

काही नाही. खिळे.

बुधवार, ८ जानेवारी

नागाचं बक्कल! वळलेला नाग, दोन्ही बाजूंना कड्या. शाळेत असताना माझ्या अर्ध्या चड्डीला असाच पट्टा होता. मी सातवीत नापास झालो, पण पट्टा पुढे दोन वर्षं वापरला. शेवंतीच्या हातावर ठेवलं तर बघायला उठून बसली. मी काही बोललो नाही. बोललो की लगेच आडवी होते.

गणपतीत मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, प्लेट घातली. डॉक्टर म्हणतात, हाड छान जुळलंय, आता हिंडायचं. ती स्वयंपाकघरापर्यंत येते, मोरीपर्यंत जाते. पण जिना? दारात उभी राहून खाली बघते आणि परत फिरते. "पाय लटपटतात." दुसरा मजला, लिफ्ट नाही. हे भाड्याचं घर मीच पसंत केलं — चाळ समोर दिसते म्हणून! आता चाळही नाही.

तिने जिना धरलाच नाही तर? नव्या इमारतीचा ताबा मिळायला तीन-चार वर्षं. तोवर ही खोलीच तिचं जग. हा विचार आला की छातीत धडधडतं. मग वाटतं, हे हार्टचं तर नाही?

गुरुवार, ९ जानेवारी

पोलक्याचे हूक, पाच. गंजून एकमेकांना चिकटलेले. एक पितळी गुंडी, मागे कडी. मी म्हटलं, पोलिसाची. शेवंती म्हणाली, "पोलिसाची मोठी असता. ही बँडवाल्याची." पटलं.

शनिवार, ११ जानेवारी

आज जे मिळालं ते वेगळंच आहे.

चाळीच्या जुन्या विहिरीजवळच्या ढिगात होतं. पितळेचं बक्कल, तळहाताएवढं. त्यावर दोन वाघ, समोरासमोर. एकाचा कान तुटलेला, शेपट्या वर वळलेल्या. मागची माती निघेना, पण पुढून चिंचेने घासलं तर सोन्यासारखं झालं. हे साध्या माणसाचं नव्हे. कुणा सरदाराच्या कमरेचं असणार!

अपेक्षाने मोबाइलला फोटो दाखवला. मोबाइल म्हणाला, रोमन सैनिक. अपेक्षा हसून हसून बेजार. "बाबा, रोमन लालबागला कशाला येतील? राजाच्या दर्शनाला?"

शेवंतीला दाखवलं नाही. जमिनीत सापडलेलं जुनं सरकारात जमा करावं लागतं असं ऐकलंय. पोलीस हा शब्द ऐकला तरी तिचं बीपी वाढतं. माझंही वाढतं. अपेक्षालाही गप्प राहायला सांगितलं.

रविवार, १२ जानेवारी

न राहवून चाळीच्या मंडळाच्या हेरंबकडे गेलो. हेरंब सेक्रेटरी. मंडळाला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून सव्वीस जानेवारीला खाली गल्लीतल्या हॉलमध्ये चाळीच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. त्याने बक्कल हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं. मग: "काका! हे शिवकालीन आहे!"

"कशावरून रे?"

"वाघ बघा ना!"

कपाटात ठेवून कुलूप लावलं. पोलिसांचं मी हळूच विचारलं. म्हणाला, "काका, एका बक्कलासाठी कोण येतंय?"

खाली उतरताना छाती जरा फुगली होती, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला शेजारच्या बायका वर आल्या. म्हणाल्या, "वहिनी, यंदा हळदीकुंकू हॉलमध्ये आहे, सव्वीसला, प्रदर्शनाच्याच दिवशी. एकदा तरी खाली या." शेवंती म्हणाली, "पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! आमच्या वयात असं कुणी बोलतं का?

त्या गेल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून होती. मी नागाचं बक्कल पुन्हा दाखवलं. "बघितलंय ता," म्हणाली.

गुरुवार, १६ जानेवारी

घोटाळा आहे.

हेरंबने फोटोसाठी बक्कल बाहेर काढलं होतं, तेव्हा मागची बाजू बघितली. चिकटलेली माती सुकून पडलीय. मागे पट्टा अडकवायला कडी नाहीच. एक मोठी सेफ्टी पिन डाग देऊन जोडलीय! शिवाजी महाराजांच्या काळात सेफ्टी पिन होती का?

हेरंबला म्हटलं. तो म्हणाला, "काका, पिन नंतर कुणीतरी लावली असेल. तुम्ही उगाच टेन्शन घेता. फ्लेक्स छापायला गेला पण."

"फ्लेक्स?"

"तुमचं नाव टाकलंय! शोधक: श्री. लवू धुरी."

घरी येऊन अर्धा तास पंख्याखाली बसलो. जानेवारीत!

रविवार, १९ जानेवारी

बक्कल मागून घेतलं आणि गिरगावात एका जुन्या बिल्लेवाल्याकडे गेलो. हातात उलटसुलट करत तो म्हणाला, "पितळ चांगलं आहे. काम हाताचं, कानस चाललीय. पण आजोबा, नक्की काय ते मला नाही सांगता येणार. बिल्ला म्हणावा तर नाव नाही, बक्कल म्हणावं तर पट्टा बसत नाही."

"किती जुनं?"

"तुमच्याहून लहान वाटतं."

परतताना दादरला उतरून फुलं घेतली शेवंतीसाठी. का घेतली कोण जाणे. तिने विचारलं, "काय झाला? तोंड कित्याक असा?" मी म्हटलं, काही नाही. बक्कल हेरंबला परत दिलं. खरं सांगायचं धाडस झालं नाही. सगळे प्रदर्शनाला येणार. पाटी वाचणार. कुणीतरी शिकलेला माणूस मागची पिन बघणार आणि माझं नाव बघून हसणार.

मंगळवार, २१ जानेवारी

ढिगाकडे गेलो नाही. शेवंती सकाळी म्हणाली, "आज काय आणलात नाय?" म्हणजे ती वाट बघते! मग गेलो. एक साडीपिन मिळाली, मोराची. मोराचं डोकं नाही. तिने उशीजवळ ठेवली.

शनिवार, २५ जानेवारी

सगळं लिहितो. एकही शब्द सुटायला नको.

दुपारी पोरांनी फ्लेक्स लावला — खड्ड्याच्या पत्र्यावर, बरोबर आमच्या खिडकीसमोर! दाराएवढं बक्कल. खाली माझं नाव. मी पडदा ओढायला धावलो, पण शेवंतीने आवाज ऐकला होता. उठली. काठी न घेता भिंत धरून खिडकीशी आली. बघत राहिली. आणि हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटलं, हिला झटका आला. अपेक्षाला हाक मारली.

"शिवकालीन!" शेवंती म्हणाली. "अगो बाय माझे! ता बक्कल माझा!"

मग पलंगावर बसून तिने सांगितलं. ती चौदा वर्षांची असताना चाळीतल्या बायकांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाटक केलं होतं. चौकात चादरी बांधून. सगळी पात्रं बायकाच. पुरुषांना आत यायची बंदी. नाटकातला सरदार शेवंती. काजळाची मिशी. कमरेला शेला बांधलेला, त्यावर हे बक्कल. वडिलांनी खात्यातल्या भंगाराच्या तुकड्यातून घरी बसून कानसलेलं. पट्ट्यात ओवायचं केलं होतं, पण पोरीची कंबर बारीक, पट्टा राहीना. मग मागची कडी काढून पिन जोडली.

"आणि वाघ?" मी विचारलं.

"वाघ खंयचे! आमची मनी ती. कान फाटको होतो तिचो. बाबांनी तिका समोर बसवून काढला."

तो संक्रांतीचा दिवस मलाही आठवतो. आम्ही पोरं नाक्यावर उभी. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. कोण टाळ्या घेतंय ते आम्हाला कधी कळलंच नाही. पुढे त्याच सरदाराशी माझं लग्न झालं, तरी कळलं नाही!

"मग तुझ्या वडिलांनी तरी बघितलं का?"

"नाय. पुरुष ना ते. जिन्याच्या खालच्या पायरीवर पाठ करून बसले होते. ऐकत." मग उशीजवळची साडीपिन हातात घेऊन, "बक्कल त्याच रात्री हरवला. मी रडलंय. बाबांनी एका शब्दान विचारूक नाय."

अपेक्षा नाक पुसत होती.

मग शेवंती एकदम म्हणाली, "ती पाटी बदलूक सांगा. सरदार कोण, ता नाव लिवा. आणि बाबांचा लिवा."

मी म्हटलं, आता कसं सांगू? फ्लेक्स लागला, लोकांना बोलावणी गेली, हेरंबचं नाक कापलं जाईल, माझंही —

"तुमका नाय जमूचा," ती म्हणाली.

खरं आहे. मला नाही जमणार. पण आज धडधड नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

रविवार, २६ जानेवारी

दुपारी डोळा लागला होता. उठलो तर पलंग रिकामा. काठी नाही, अपेक्षा नाही, दार सताड उघडं. जिन्यात डोकावलो — कुणी नाही. खिडकीकडे धावलो. खाली हॉलच्या दारात हिरवी साडी, एका हातात काठी, कमरेला बक्कल. समोर हेरंब मान खाली घालून जुनी पाटी सोडवतोय. मी ओरडलो, "थांब, आलो!" तिने वर बघितलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जिन्यावर बसान ऐका! पुरुषांनी आत येवचा नाय!"