तांबोशीची पिल्लं

४ मार्च
आणखी पिल्लं गायब. तांबोशी माशाच्या प्रत्येक पिल्लाच्या पोटात मी तांदळाएवढा टॅग घालते. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली रीडर बसवलाय, पिल्लू तिथून गेलं की नंबर नोंदला जातो. निम्म्यांची नोंदच नाही. बाहेर पडली नाहीत, आतही सापडत नाहीत. विरघळली की काय?

आमच्या संशोधनाचे सर म्हणाले, "लहान मासा मरतोच." मरतो, पण इतका? कुठेतरी पाणी मुरतंय.

७ मार्च
दादाची होडी आज हद्दीच्या खांबाला अगदी खेटून चालली होती. मी हात केला. त्याने पाहिलं नाही — की पाहून न पाहिल्यासारखं केलं?

खाडी मासेमारीला बंद झाली ती माझ्या अहवालावरून. बाबांच्या वेळेपासूनची त्याची जागा. बैठकीत बाकीचे तावातावाने भांडले, माझा सख्खा भाऊ मात्र मूग गिळून बसला. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता वाटतं, इतका गप्प का?

८ मार्च
त्याच्या शेडमध्ये बारीक आसाचं जाळं, पिल्लूही निसटणार नाही इतकी लहान भोकं. ओलं! विचारलं तर म्हणे, "कोळंबीचं गं." असेल. नसेलही.

१२ मार्च
आज लाज सोडली. दादाकडे जेवायला गेले ते पिशवीत हातात धरायचा छोटा रीडर घालून. वहिनी फोन घ्यायला बाहेर गेली, तसा मी तो साफ केलेल्या माशांच्या घाणीवरून फिरवला, मग बर्फाच्या पेटीवरून. टॅग असता तर वाजला असता. नाही वाजला. वळले तर वहिनी दारात.

"वन्सं, जेवायला आलात की धाड घालायला?"

ती हसली, मीही हसले.

वाजला नाही, याचा अर्थ उघड आहे — घरी आणतच नाही, परस्पर विकतो. साधी गोष्ट मला आधी कशी सुचली नाही!

१७ मार्च
काल भर दुपारी नवी पिल्लं सोडली. नेहमीचीच पद्धत — भूल, टॅग, थोडा वेळ बादलीत, मग खाडीत. आज निम्मी नाहीत. आणि काल दिवसभर दादाची होडी तिथेच घुटमळत होती.

गस्तीच्या कचेरीत फोन केला. माझं नाव सांगितलं नाही. त्याचं सांगितलं.

बरोबर केलं. सख्खा भाऊ म्हणून डोळेझाक केली तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने अडवणार? बरोबरच केलं.

१९ मार्च
होडी जप्त. चौकशी होईपर्यंत परवाना बंद. वहिनी दुसऱ्यांच्या मासळीची साफसफाई करायला जाते म्हणे.

२० मार्च
दादा आला होता. चहा केला.

"छोटे, तू रोज त्या खाडीवर असतेस. तुझा शब्द मानतील. मला आत शिरताना कधी पाहिलंस का, एवढंच खरं खरं सांग गस्तीच्या साहेबांना."

मी म्हणाले, मी कुठे सारखी पाहत असते?

"बरं," म्हणाला. चहा अर्धाच ठेवून गेला.

किती साळसूद चेहरा! चोराला इतकं सरळ डोळ्यांत बघता येतं? सराईत असेल तर येत असेल. पण बाबांची शपथ घेऊनही खोटं बोलता यायचं नाही त्याला लहानपणी. तेव्हाच तोंड लाल व्हायचं. आज नव्हतं झालं.

२५ मार्च
पक्ष्यांवर काम करणारी मैत्रीण आजारी, म्हणून तिच्याऐवजी मी समोरच्या खडकावर घरटी मोजायला गेले. पाणकावळ्यांची वसाहत, नाक धरूनच चालायचं. एका घरट्याखाली न पचलेल्या काट्यांचा गोळा पडला होता. तांबोशीच्या पिल्लाचा कणा मी झोपेतही ओळखेन. रीडर काढला. वाजला. शेजारच्या घरट्याशी वाजला. मग थांबेचना. सगळे माझेच नंबर, विष्ठेत माखलेले.

तिथेच बसले मी.

भूल पुरती उतरायच्या आत सोडत होते मी पिल्लं. गुंगीत वरवर तरंगत असणार बिचारी, तीही भर उजेडात. पाणकावळ्यांना ताट वाढून दिलं. दादाने नाही, मी.

२६ मार्च
कचेरीत सगळं लिहून दिलं. होडी सुटेल म्हणाले. तिथून तशीच दादाकडे. पाणकावळ्यांचं सांगितलं. मग श्वास घेऊन फोनचंही सांगितलं.

तो जाळं शिवत होता. मान वर केली नाही.

"साहेबांनी तुझा आवाज ओळखला होता," म्हणाला. "त्या दिवशी तुझ्याकडे आलो तेव्हा मला ठाऊक होतं."