आपल्याकडे, तुमच्याकडे

आई, तुझी नात बंगळूरला पेशींवर काम करते. तुला पेशी समजावायची तर आधी मला कळायला हवी, आणि मी पडलो लूमवाला, कापडाचे माग चालवणारा. पण परवा फोनवर तिने सांगितलं ते चक्क कळलं. पेशी सरकते ती पाय रोवत रोवत. पुढे पाय काढते, खालच्या थराला धरते, त्या जागी कितीतरी प्रथिनं येऊन एकमेकांत अडकतात, आणि आतून ओढ बसली की पकड आणखी घट्ट होते. मागची पकड मात्र तिला मोडावी लागते. मोडलेलं सामान वाया जात नाही, पुढच्या पकडीला लागतं. मागचं सुटलं नाही तर बिचारी नुसती ताणत राहते, जागची हलत नाही. मी विचारलं, सोडतं कोण, खालचा थर?

"छे, बाबा. तो कशाला सोडेल? पेशीच आतून सोडवून घेते. आमच्या लॅबच्या मॅडम म्हणतात, धरण्यापेक्षा सोडणं नाजूक काम."

मॅडम म्हणतात. ताप आला तर मॅडमनी खिचडी दिली, दिवाळीला मॅडमनी कुर्ता घेतला. सगळे लूम धडधडत असताना त्यातला कुठला बिघडणार हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. त्याच कानांनी ऐकलं, "तुमच्याकडे आज लाईट आहे का?" आधी ती 'आपल्याकडे' म्हणायची. सासरी गेलेली पोर बोलते तसं झालं हे, आणि अजून लग्नसुद्धा नाही.

तेव्हा तू आठवलीस. दिघाशी गावाहून येऊन मी भिवंडीत लूमवर लागलो, काम शिकवणाऱ्या उस्तादांच्या घरी जेवत होतो, आणि सुट्टीला आलो की त्यांच्या बायकोच्या, चाचीच्या हातच्या खिम्याचं कौतुक तुलाच ऐकवायचो. तू चुलीपुढे बसली आहेस, भाकरी थापणारा हात थांबत नाही. म्हणतेस, "मंग तथंच ऱ्हा. आमच्याकडं काय हाय, सुकट न् भाकर." पुढच्याच शुक्रवारी, लूम बंद असतात त्या दिवशी, तू सुकटीची पिशवी घेऊन एसटीने आलीस, ती चाचीच्या ओट्यावर ठेवलीस आणि तुझ्या हिंदीत बजावलंस, "इसकू तिखा जास्ती मत देव. पेट दुखता." चाची हसून म्हणाली, "बहन, अब ये मेरा भी तो बेटा है." तू चहा न घेताच निघालीस. मला तेव्हा नुसती लाज वाटली होती. एसटीत रडलीस का, हे कधी विचारलं नाही.

आता मॅडम परदेशी चालल्यात, हिलाही नेणार म्हणतात. तिने विचारलं, जाऊ का? विचारलं हेच खूप. मी लगेच जा म्हटलं, मोठ्या मनाच्या बापासारखं. मन कसलं मोठं? पोर मी वाढवली, आणि आता तिला शहाणी करतायत त्या.

तू गेलीस तिकडे हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक सांगून टाकतो. त्या मॅडमचं नाव दक्षिणेकडचं, लांबलचक आहे. मी ते दरवेळी चुकवतो. पोर हसते, पुन्हा सावकाश म्हणून दाखवते. मला ते पहिल्या दिवसापासून नीट येतं.