दोन्ही पातेल्यांत मीठ

प्रिय सत्यभामा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहायला बसले की कान तापायचे, म्हणून राहून गेलं. आता टाळता येत नाही.

गेल्या महिन्यात डेप्युटी साहेब आमची मुलींची शाळा तपासायला आले. त्यांचा शेरा चांगला पडला असता, तर शाळा कायम झाली असती आणि माझी नोकरीही. हे गेल्यावर तेवढाच आधार, तुला माहीतच आहे. मी मुद्दाम द्रावण आणि मिश्रणाचा धडा घेतला. गावच्या बायकाही बघायला जमल्या होत्या. विहिरीच्या पाण्यात एकीकडे मीठ ढवळलं, दुसरीकडे माती. दोन्ही कापडातून गाळलं. माती नुसती मिसळलेली, ती कापडावर राहिली. मीठ विरघळून एकजीव झालेलं, ते पाण्याबरोबर खाली उतरलं. इथवर सगळं छान. मग दोन्ही पातेली चुलीवर ठेवून पाणी आटवलं. मी मोठ्या ऐटीत म्हणाले, मातीचं पाणी आटलं की तळाशी काही उरणार नाही.

दोन्ही पातेली पांढरी झाली गं.

पुंजाजी पाटलांची पुष्पा बोट चाटून ओरडली, "बाई, याच्यातबी मीठ हाय!" साहेब म्हणाले, "मग बाई, यातलं द्रावण कोणतं?" मागून माझं पाणी भरणारी रुखमाबाई कळवळून म्हणाली, "साहेब, आमच्या हिरीचं पानीच खारं हाय. बाईले काय ठाव? त्यायले आमी नदीवरून गोडं पानी आनून देतो."

सगळे हसले. साहेबही हसले. पण मला ते हसणं लागलं नाही, लागलं ते रुखमाबाईचं बोलणं. मी इथे आले तेव्हापासून रुखमाबाई डोक्यावरून आणते ते पाणी मी पिते आहे. कुठून येतं, कधी विचारलं नाही. शाळेच्या माठात कधी पेला बुडवला नाही. मुली पाणी पिताना तोंड वाकडं करायच्या, तेव्हा नखरे नकोत म्हणून मी त्यांना दटावायची!

दुसऱ्या दिवसापासून मीही विहिरीचंच पिऊ लागले. पोट बिघडून अंथरूण धरलं, तशी रुखमाबाई चिडली, "तुमी आजारी पडल्या तं पोरीइले कोन शिकवन?" आणि घागर आणून ठेवलीच. पाटलांना मात्र लाज वाटली असावी. आता त्यांची बैलगाडी नदीवरून शाळेसाठी पिंप आणते.

शेरा काही बदलला नाही. "बाईंचे ज्ञान पुस्तकी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी."

संक्रांतीला येऊन घेऊन जाईन, असं मी सोजराला कबूल केलं होतं. पोरगी बोचकं बांधून बसली असेल. पण नोकरीचा भरवसा नसताना तिला कशी आणू? माझी लेक आणखी सहा महिने तुझ्याकडे ठेवशील का? आईला सुट्टी मिळाली नाही, असं तिला सांगू नकोस. आई तपासणीत नापास झाली, असंच सांग. हसली तर हसू दे. रडली, तर मला कळवू नकोस.

तुझीच,
मंजुळा